सहा वाट्यांची डाक

फार पूर्वी, वेळ पाण्यात बुडवून मोजायची पद्धत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याला हरकाऱ्यांचं गाव होतं. हरकारे म्हणजे पळत डाक नेणारे. पाठीवर पत्रांची थैली, हातात घुंगुरकाठी आणि समोर उभा चढ. एक दिवस घाट चढून गडावर थैली पोचवायची, दुसऱ्या दिवशी गडाची डाक घेऊन उतरायचं, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा.

गडाच्या दरवाजात एक म्हातारा घटिकावाला बसे. त्याला सगळे तात्या म्हणत. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं घंगाळ असे आणि बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची एक वाटी. हरकारा पायथ्याहून निघाला की तिथे गवत पेटवून धूर करत. धूर दिसला की तात्या वाटी पाण्यावर सोडी. भोकातून पाणी चढून वाटी बुडाली की थाळीवर एक टोला, आणि वाटी पुन्हा पाण्यावर. तात्या इतका काटेकोर, की शिंक आली तरी वाटी बुडेपर्यंत तो शिंक दाबून ठेवतो, असं गावात म्हणत.

दर मार्गशीर्षात हरकाऱ्यांची शर्यत लागे. पहिला येईल त्याला चांदीच्या मुठीची काठी. पण शर्यतीचं खरं मोल पुढेच होतं. जिंकणाऱ्याला जितक्या वाट्या लागतील, त्यात इतरांसाठी एक वाटी वाढवायची, आणि तो झाला त्या वर्षाचा कायदा. दरवाजाशेजारच्या भिंतीवर तात्या गेरूच्या तेवढ्या रेघा ओढी. वर्षभर सगळ्यांनी तेवढ्या वाट्यांत डाक आणायची. तीनदा उशीर झाला की घुंगुरकाठी जमा, म्हणजे हरकारेपण संपलं. एका माणसाच्या पायांना जे जमतं, ते दुसऱ्यालाही थोड्या ओढाताणीने जमावं, असा जुन्या लोकांचा सरळ हिशेब होता. नऊ वर्षं रखमाजी नावाचा हरकारा सहा वाट्यांत येऊन जिंकत होता, आणि नऊ वर्षं भिंतीवर सात रेघा होत्या.

या नऊही वर्षांत दुसरा येत होता हैबती. रखमाजी त्याच्याहून वयाने मोठा. हैबतीला पळायला त्यानेच शिकवलं होतं. चढावर पाऊल आखूड टाकायचं, तिसऱ्या वळणावरच्या झऱ्यापाशी थांबून करवंटीभर पाणी प्यायचं, दहा श्वास मोजायचे आणि मग वरचा चढ धरायचा, हे सगळं त्याचंच. हैबती त्याला दादा म्हणे आणि मनापासून मानी. पण माणूस किती वर्षं दुसरा येईल? चांदीची मूठ एकदा तरी आपल्या हातात यावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि आता गुडघेही कुरकुरायला लागले होते.

अशात आठवडी बाजारात एक फिरता औषधवाला आला. त्याने हैबतीचे पाय पाहिले आणि हळूच काळ्या गोळ्यांची पुडी पुढे केली. तो निदान खोटं तरी बोलला नाही.

"ह्यानं पायात बळ येत न्हाई, पावनं," तो म्हणाला. "पाय दमलं तरी ते सांगत न्हाईत, एवढंच. बळ तुमचंच. उद्याचं आज वापरायचं."

हैबतीने घरचं नवं घोंगडं देऊन पुडी घेतली. घरी जाताना मनाची समजूतही काढली. कुणी शर्यतीआधी गूळ-शेंगदाणे खातो, कुणी शेळीचं दूध पितो, कुणी गुडघ्याला बिब्बा लावतो. मग ही गोळीच काय वाईट? समजूत अगदी पटण्याजोगी होती. फक्त गूळ-शेंगदाणे कुणी कनवटीला लपवून ठेवत नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

शर्यतीच्या दिवशी हैबती पळाला तो वाऱ्यासारखा. तिसऱ्या वळणावर सगळे झऱ्यापाशी थांबले, तो मात्र थांबला नाही. त्याला तहानच नव्हती. पाचवी वाटी बुडायला आणि हैबती दरवाजातून आत यायला एकच गाठ पडली. तात्याने डोळे चोळले, वाटीचं भोक तपासलं, आणि मग सातवी रेघ पुसून भिंतीवर सहाच रेघा ठेवल्या. रखमाजी पाठोपाठ आला, धापा टाकत हैबतीच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना सांगत सुटला, की बघा, याला मी शिकवलंय.

हैबतीला वाटलं होतं, एकदा जिंकलो की गोळी सुटेल. पण भिंतीवरच्या सहा रेघा त्याच्यासाठीही होत्या. गोळीशिवाय त्यालाच त्या झेपेनात. म्हणून घाट चढायच्या दर दिवशी एक गोळी, पुढे दोन. बाजारात औषधवाला ठरलेल्या झाडाखाली बसे, आणि हैबती ताकास तूर लागू न देता पुडी घेऊन येई.

एका संध्याकाळी त्याची बायको गिरजा नेहमीसारखी त्याच्या पायांना तेल चोळत होती. टाचेत बोटभर लांबीचा बाभळीचा काटा रुतलेला तिला दिसला. भोवतीचं मांस काळंनिळं पडलं होतं.

"अवो, चार दिस झालं आसंल ह्याला," ती घाबरून म्हणाली. "दुखलं न्हाई तुमास्नी?"

"न्हाई की," हैबती म्हणाला. आणि खरंच दुखलं नव्हतं. गिरजाने काटा उपसला तेव्हाही त्याने पाय आखडला नाही. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला त्या काट्यापेक्षा ते गप्प बसलेलं पाऊलच जास्त भीतीचं वाटलं.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. सहा वाट्यांत डाक पोचवताना चांगल्या चांगल्या हरकाऱ्यांची दमछाक होई. पावसाळा संपेपर्यंत चौघांच्या काठ्या जमा झाल्या. ते आता लाकडं फोडत होते आणि आपले पाय नासले म्हणून नशिबाला बोल लावत होते. जे उरले होते ते हैबतीचा गुपित डाव शोधत होते. शर्यतीत तो झऱ्यावर थांबला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मग हळूहळू कुणीच थांबेना. झऱ्यावरची करवंटी उन्हात पडून तडकली, आणि रोज पावलं पडायची त्या दगडावर शेवाळ धरलं.

शेवटी रखमाजीच हैबतीच्या दारात आला. त्याला दोनदा उशीर झाला होता. आणखी एकदा झाला की काठी जाणार. ओसरीवर बसून त्याने पाणी घेतलं आणि लाज बाजूला ठेवून विचारलं.

"तुझं पाऊल बघितलं म्या, दम बघितला. समदं माझ्यावानीच हाय. मग माझं कुठं चुकतंय, तेवढं सांग."

चोराच्या मनात चांदणं. हैबतीला वाटलं, दादाला कळलंय. पण रखमाजीच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसती शिकायची आस होती. ज्याने शिकवलं तोच शिकायला आला होता. खरं सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. हैबतीच्या ओठांवर आलंही. पण कोपऱ्यातली चांदीची मूठ चमकली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"झऱ्यावर थांबू नगा, दादा. पानी पोटात गेलं की पाय जड व्हत्यात. सकाळीबी काही घ्यायचं न्हाई."

रखमाजीने मान डोलावली. जाताना त्याने शिष्याला हात जोडले. हैबती त्या दिवशी जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी हैबती गडाची डाक घेऊन उतरत होता आणि रखमाजी चढत होता. रोज जिथे दोघांची गाठ पडायची, तिथे रखमाजी भेटला नाही. समोरून घुंगरांचा आवाजही येईना. हैबती दोन वळणं खाली गेला. झऱ्याच्या बराच वर, एका दरडीला टेकून रखमाजी बसला होता. ओठ फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले, थैली मात्र मांडीवर घट्ट धरलेली.

"थांबलो न्हाई रं झऱ्यावर," तो पुटपुटला. "तू सांगितलंस तसंच केलं. पर जमंना. माझंच कायतरी चुकलं आसंल."

हैबती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

वरून टोला ऐकू आला, चौथा. अजून दोन वाट्या बाकी होत्या. रखमाजीने थैली पुढे केली आणि खुणेनेच सांगितलं, एवढी वर ने. हैबतीच्या कनवटीला दोन गोळ्या होत्या. त्या खाऊन पळालं तर डाक वेळेत पोचेल, दादाची काठी वाचेल, आणि कुणाला काही कळायचं नाही. उलट लोक म्हणतील, बघा, गुरूसाठी धावला. सगळ्या बाजूंनी चांगलाच दिसणारा मार्ग होता. त्याने गोळ्या तळहातावर घेतल्याही.

मग त्याची नजर रखमाजीच्या कोरड्या ओठांवर गेली. या माणसाला आता डाकेची नव्हे, पाण्याची गरज होती. आणि आज काठी वाचली तरी परवा हाच चढ, हेच सहा टोले, हीच कोरडी तोंडं. आपण वर पळालो की भिंतीवरच्या रेघा आणखी पक्क्या होणार.

हैबती खाली पळाला. झऱ्यावरची करवंटी हातात घेतली तर तड्यातून पाणी गळून गेलं. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, झऱ्यात बुडवलं आणि तसंच ओलं गच्च वर आणून रखमाजीच्या तोंडात थेंब थेंब पिळलं. असं तीनदा केलं. वर पाचवा टोला पडला, मग सहावा. रखमाजीने डोळे उघडले, तेव्हा हैबतीने त्याच्यापुढे दोन गोळ्या ठेवल्या आणि पहिल्या गोळीपासून ओसरीवरच्या खोट्या सल्ल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

रखमाजीने एक गोळी बोटांनी उलटीपालटी करून पाहिली. हैबतीला वाटलं, आता काठी पाठीत बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी," रखमाजीने हळूच विचारलं, "माझं काही चुकत नव्हतं?"

"न्हाई, दादा."

आणि नऊ वर्षं जिंकत आलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला. वर्षभर रोज त्याने आपल्याच पायांना दोष दिला होता, देवाला नवस बोलला होता, रोज थोडा थोडा स्वतःच्या मनातून उतरत गेला होता. एका काळ्या गोळीने त्याची काठीच नव्हे, त्याचा स्वतःवरचा विश्वासही नेला होता. हैबतीला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आपण शर्यतीत नक्की काय चोरलं ते.

"मला सांगून काय उपेग?" डोळे पुसून रखमाजी म्हणाला. "चल वर. ज्यानं रेघा वढल्या त्याला सांग."

दोघे गडावर पोचले तेव्हा अकरावी वाटी पाण्यावर होती. तात्याने दोघांच्या थैल्या पाहिल्या, उतरायला निघालेला हैबती परत आलेला पाहिला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. हैबतीने दरवाजात उभं राहून, चार माणसं ऐकत असताना, सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा हे जड गेलं. ऐकता ऐकता तात्याची अकरावी वाटी बुडाली आणि टोला द्यायचा राहून गेला. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"म्हणजे वर्षभर ही भिंत खोटं बोलत होती," तात्या म्हणाला, "आणि मी तिच्या भरवशावर लोकांच्या काठ्या काढून घेत होतो."

त्याने स्वतःच्या हाताने गेरूची सातवी रेघ पुन्हा ओढली. चौघांच्या जमा केलेल्या काठ्या आतून आणवल्या आणि त्यांच्या घरी पाठवल्या. चांदीची मूठ रखमाजीला दिली. हैबतीला मात्र त्याने वेगळाच न्याय लावला. आठ दिवस गोळीशिवाय घरी बसायचं आणि नवव्या दिवशी सगळ्या गावासमोर पळायचं. सात वाट्यांत आलास तर काठी तुझी, नाही तर नाही.

नवव्या दिवशी हैबती पळाला. पहिल्याच वळणावर गुडघे बोलायला लागले, दुसऱ्यावर टाच, तिसऱ्यावर छाती. वर्षभर गप्प ठेवलेले पाय एकदम आपलं सगळं गाऱ्हाणं मांडायला लागले. तो झऱ्यापाशी थांबला, पाणी प्याला, दहाच्या जागी शंभर श्वास मोजले आणि पुन्हा चढू लागला. एकेकाळी सात वाट्यांच्या आत सहज येणारा माणूस गडावर आला तेव्हा नववी वाटी निम्मी भरली होती. उद्याचं बळ त्याने केव्हाच वापरून टाकलं होतं. कुणी हसलं नाही. हैबतीने स्वतःच आपली घुंगुरकाठी तात्यापुढे ठेवली.

पुढे त्याने झऱ्याची राखण मागून घेतली. दगडावरचं शेवाळ त्याने खरवडून काढलं, नवी करवंटी टांगली. येणाऱ्या प्रत्येक हरकाऱ्याला तो बळेच थांबवून पाणी पाजी आणि दहा श्वास मोठ्याने मोजी. नवख्या हरकाऱ्यांनी त्याच्या शर्यतीचं विचारलं, तर तो सगळं सांगे, गोळीसकट. रखमाजी चढताना दर वेळी तिथे थांबे. पहिले काही महिने तो नुसतं पाणी पिऊन जाई. मग एकदा जाता जाता म्हणाला, "आठच मोजलेस आज. दोन कुठं गेलं?" त्या दिवशी हैबतीला बरं वाटलं.

पण तो काठी ठेवून घरी आला, त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. गिरजा तेलाची वाटी घेऊन बसली. तिने त्याची टाच हातात घेतली, जुन्या काट्याच्या जागी अंगठा दाबला, आणि भीत भीत विचारलं, "दुखतंय?"

हैबतीने पाय आखडून घेतला. "लई दुखतंय, गिरजे," तो म्हणाला.

आणि वर्षभराने ती माउली पोटभर हसली.

तात्पर्य एवढंच: लबाडीची जीत जिंकणाऱ्यापाशी थांबत नाही, तिच्यामुळे मागून येणारा खरा माणूस स्वतःलाच खोटा समजू लागतो.