सरकारांनी दिलेला दम

शिवणीच्या सरकारांना पाहुण्यांपुढे आपल्या पैलवानाची ताकद दाखवायची भारी हौस. त्या दिवशी त्यांनी सिदू पैलवानाला अंग गरम करायलाही वेळ दिला नाही. आल्या आल्या पाचशे बैठका सांगितल्या. तीनशे झाल्या आणि सिदूच्या गुडघ्यात कळ आली, पाय लटपटू लागले. तालमीचे रंगोबा वस्ताद त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. गेल्या साली त्यांचा एक पैलवान अशाच हट्टापायी कायमचा लंगडा झाला होता.

सिदू थांबला तसे सरकार गरजले, "थांबलास तर तालमीला टाळं ठोकीन!"

वस्तादांनी पुढे होऊन सिदूला दंडाला धरून मातीवर बसवलं.

"कुणाच्या हुकमानं बसवलंत?"

"सरकारांच्याच," वस्ताद हात जोडून म्हणाले. "सरकारांनी आत्ता चारचौघांत त्याला दम दिला. सरकारांनी दिलेलं नाकारायचं कसं? म्हणून गडी दम घेतोय."

पाहुणे खो खो हसले. सरकारांनाही हसावंच लागलं.

"बरं, किती वेळ घेणार?"

"सरकारांचा दम काय लहानसहान आहे? गुडघ्याची कळ जाईपर्यंत पुरेल."