साहेब करतील तसं

बोरटेक म्हणून एक गाव आहे. तिथल्या शाळेत भानुदास नावाचा एक मास्तर होता. मनानं भोळा आणि वचनाला पक्का. 'जरा थांबा, आलोच' असं म्हणून कुणी गेलं, की तो माणूस परत येईपर्यंत भानुदास तिथंच थांबायचा. एकदा पोस्टमन असं म्हणून गेला आणि परस्पर त्याची बदली झाली. त्या दिवशी भानुदासला घरी आणायला माणूस पाठवावा लागला.

त्याचं नवीनच लग्न झालं होतं. बायको कुंदा. ती फार बोलायची नाही, त्यामुळे गावानं ठरवून टाकलं की जोडा बरोबर जमला. कुंदानं ते ऐकलं आणि त्यावरही ती काही बोलली नाही.

भानुदासची नोकरी अजून कच्ची होती. दोघं भानुदासच्या थोरल्या भावाच्या घरात राहत. मधल्या खोलीत एक जुनं लुगडं आडवं बांधलं होतं. लुगड्याच्या अलीकडे भानुदास कुंदाशी कुजबुजायचा आणि लुगड्याच्या पलीकडून जाऊबाई उत्तर द्यायच्या.

शाळेच्या मागे दोन खोल्या होत्या. पक्क्या मास्तराला मिळायच्या. सध्या रिकाम्या होत्या. पाण्याला जाताना कुंदा त्यांच्याकडे बघायची. चूल कुठं येईल आणि भांड्यांची मांडणी कुठल्या भिंतीला लागेल, हे तिचं ठरलं होतं. फक्त भानुदासची नोकरी पक्की व्हायला पाहिजे होती.

त्याच वर्षी शेजारच्या गावात तालुक्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी बस येऊ लागली. बस आली की पोरांच्या गळ्यात टाय दिसायचा आणि गेली की गावाच्या तोंडी इंग्रजीचीच गोष्ट. बोरटेकची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव इंगळे साहेब घाबरले, आपलीही पोरं तिकडे जातील म्हणून. त्यांनी फर्मान काढलं की बोरटेकच्या पोरांनीही इंग्रजीत बोलायचं. सातवीचा वर्ग भानुदासकडे दिला. महिनाअखेरीला साहेब स्वतः येणार, पोरांशी इंग्रजीत बोलून बघणार. जमलं तर भानुदास पक्का. नाही जमलं तर भानुदास घरी.

हेडमास्तर ढोबळे सरांनी त्याला बोलावून घेतलं.

"मास्तर, इंग्रजी म्हणजे आधी शिस्त. 'मे आय कम इन सर' असं विचारल्याशिवाय एकाही पोराला वर्गात घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

"मग तो कुणाचाही असो."

"कुणाचाही असो," भानुदास म्हणाला.

दुपारी ढोबळे सर फेरीला निघाले. सातवीचा सगळा वर्ग अंगणात लिंबाखाली बसलेला. वर्गात भानुदास एकटाच. फळ्यावर लिहून तो बाकांना शिकवत होता.

"मास्तर, पोरं बाहेर का?"

"त्यांना आत यायचं इंग्रजी येत नाही."

"मग शिकवा की."

"शिकवायचं तर त्यांना आत यावं लागेल."

ढोबळे सर विचारात पडले. बोलण्यात चूक कुठं आहे ते त्यांना सापडेना. शेवटी 'काय ते करा' म्हणून ते आत आले, तर भानुदासनं हात आडवा केला.

"सर, विचारलं नाही तुम्ही."

संध्याकाळी कुंदानं सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीनं म्हणाली, "अहो, असं कुणाला बाहेर ठेवतात का? दारात कुणीही आलं की हसावं. उभं राहावं. पोरांना टाळ्या वाजवायला सांगावं आणि 'वेलकम' म्हणावं. आत या, बसा म्हणावं."

"कुणीही आलं तरी?"

"कुणीही."

"पाणी पण विचारा म्हणावं, भाऊजी," लुगड्यापलीकडून जाऊबाई म्हणाल्या.

भानुदासनं दुसऱ्या दिवशी पोरांकडून तालीम करून घेतली. पोरं गुणाची. दोन तासांत टाळ्या आणि वेलकम पाठ झालं. आता यायला कुणी पाहिजे होतं.

नेमके त्याच दिवशी सरपंचांचे चुलते वारले. बोरटेकमध्ये तिरडी विसाव्याला टेकवायची जागा म्हणजे शाळेच्या फाटकासमोरचा चौथरा. माणसांनी तिरडी खाली ठेवली. सरपंच मडकं धरून उभे राहिले. सगळीकडे शांतता.

सातवीचा वर्ग खाडकन उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वेलकम, वेलकम, वेलकम."

भानुदास हसतमुखानं फाटकापर्यंत गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाहेर का टेकलात? आत या ना. पाणी घेणार?"

सरपंचांच्या हातात मडकं होतं म्हणून भानुदास वाचला. पण ते जे बोलले ते इंग्रजीत नव्हतं, एवढं सातवीच्या पोरांनाही कळलं.

संध्याकाळी कुंदा भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, मयताला टाळ्या वाजवतात?"

"कुणीही आलं तरी, असं तू म्हणाली होतीस."

तेही खरं होतं. कुंदानं पीठ झटकलं. "घरचं माणूस जातं तेव्हा लोकांना वाईट वाटतं. तेव्हा मान खाली घालावी. चेहरा पाडावा. हळू आवाजात 'व्हेरी सॉरी' म्हणावं. देव तुम्हाला सोसायची ताकद देवो, असं आपल्याला वाटतंय, हे कळलं पाहिजे समोरच्याला."

"घरचं माणूस जाताना," भानुदासनं घोकलं. "मान खाली. व्हेरी सॉरी."

पोरांनी याचीही तालीम केली. पाटलांची सुरेखा तर इतकी छान चेहरा पाडायची की भानुदासलाच रडू यायचं. त्यानं तिला पहिल्या बाकावर बसवलं.

आठवडा गेला. ढोबळे सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. सरांना कोण आनंद. जावई पुण्याला, स्वतःचा फ्लॅट. होणारे व्याही शाळा बघायला आले, तेव्हा सर पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांना थेट सातवीत घेऊन आले. इथं इंग्रजी चालतं, हे दाखवायचं होतं.

"मुलांनो," सर म्हणाले, "आमची ताई आता घर सोडून चालली. या काकांच्या घरी."

भानुदासनं मान खाली घातली. पोरांनी माना खाली घातल्या.

"व्हेरी सॉरी, सर," भानुदास हळूच म्हणाला.

"व्हेरी सॉरी, सर," वर्ग म्हणाला. मग सगळे व्याह्यांकडे वळले. "व्हेरी सॉरी, काका."

सुरेखानं हुंदका दिला. पेढा तोंडात घालून तिनं पुन्हा एक हुंदका दिला.

व्याह्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. ते ढोबळे सरांना म्हणाले, "सर, एवढी लहान पोरं रडतायत. मुलीत काही खोट आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

मुलगी बरी आहे, हे पटवायला सरांना व्याह्यांबरोबर स्टँडपर्यंत चालत जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी भानुदासला एवढंच सांगितलं, "शनिवारी साहेब येतायत. त्यानंतर तुमचं तोंड बघायची वेळ येणार नाही, असं दिसतंय."

त्या संध्याकाळी कुंदा हिशेब मांडून बसली. आतापर्यंत ती जे बोलली त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. तिनं एकेक आठवून बघितला. तिचं सगळं बरोबर होतं आणि नवऱ्याचं सगळं चुकलं होतं. म्हणजे या माणसाला हसा म्हणून उपयोग नाही आणि रडा म्हणूनही नाही. कधी हसायचं नि कधी रडायचं, हे त्याच्यावर सोडताच कामा नये.

"जाऊ द्या," जाऊबाई पलीकडून म्हणाल्या. "तुमचं लुगडं काही इतक्यात निघत नाही. मी आपली धुऊन पुन्हा बांधते."

ते ऐकून कुंदाचा निश्चय झाला.

"अहो, इकडे बघा. आता एकच ध्यानात ठेवा. साहेब करतील तसं करायचं. साहेब म्हणतील तसं म्हणायचं. ते हसले तर हसा, बसले तर बसा. स्वतःच्या मनानं काही नाही."

"पोरांनीही?"

"पोरांनीही."

"कुठपर्यंत?"

"साहेब समोर आहेत तोपर्यंत."

शनिवारी पंजाबराव इंगळे साहेब जीपमधून उतरले. पांढरे कपडे, काळा चष्मा. वर्गात आले आणि खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत भानुदास बसला. साहेबांनी पायावर पाय टाकला. सगळ्या वर्गानं पायावर पाय टाकला. साहेब खाकरले. वर्ग खाकरला.

"व्हॉट इज युवर नेम?" साहेबांनी विचारलं.

"व्हॉट इज युवर नेम?" वर्गानं खणखणीत विचारलं.

साहेब दचकले. आजवर त्यांनी हा प्रश्न पुष्कळ पोरांना विचारला होता. त्यांना कुणी विचारला नव्हता.

"माय नेम इज पंजाबराव."

"माय नेम इज पंजाबराव," सुरेखासकट सगळे म्हणाले.

"व्हेरी गुड."

"व्हेरी गुड."

"ओके. थँक यू."

"ओके. थँक यू."

साहेब पुढचं आठवू लागले. आठवेना. त्यांचं इंग्रजी एवढंच होतं, आणि ते संपलं होतं. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. वर्ग त्यांच्याकडे पाहत होता. साहेबांना माहीत होतं तेवढं सगळं इंग्रजी या पोरांना येत होतं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. साहेबांचे डोळे भरून आले. वर्गानंही डोळे पुसले.

"ढोबळे," साहेब म्हणाले, "इतकं चोख इंग्रजी मी माझ्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही."

आणि त्यांनी तिथंच नोकरीच्या ऑर्डरच्या दोन प्रतींवर सही केली. शिक्का मारला. एक प्रत स्वतःच्या खिशात ठेवली, एक भानुदासच्या हातात दिली. भानुदास पक्का झाला.

बातमी पोरांच्या पायांनी घरी आली. कुंदानं उभ्या उभ्या लुगड्याची एक गाठ सोडली. ट्रंक बाहेर काढली. जाऊबाई प्रथमच गप्प होत्या. मग कुंदा उंबऱ्यात जाऊन वाट बघत बसली.

दुपार झाली. भानुदास आला नाही. दिवेलागणीला तो दिसला. पायांत वहाणा नव्हत्या.

"कुठं होतात?"

"तालुक्याला. साहेब जीपमध्ये बसले, मग मीही बसलो. पोरंही बसत होती, पण ढोबळे सरांनी ओढून काढली."

"मग?"

"साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी जोडे काढले, मी वहाणा काढल्या. साहेब झोपाळ्यावर बसले, मीही बसलो. साहेब आत बघून म्हणाले, 'अगं ए, चहा टाक.' मग मीही आत बघून म्हणालो."

"काय म्हणालात?"

"अगं ए, चहा टाक."

कुंदानं दाराची चौकट धरली.

"त्यांच्या बाई बाहेर आल्या. साहेब उभे राहिले. म्हणाले, 'कोण समजतोस तू स्वतःला?' मीही उभा राहिलो आणि साहेबांना तेच विचारलं. मग साहेब फार चिडले. त्यांनी खिशातली ऑर्डर काढली आणि टराटरा फाडली."

कुंदानं मनात प्रती मोजल्या. मग तिच्या जिवात जीव आला. "अहो, ती त्यांची प्रत. फाडू द्या त्यांना. सही-शिक्क्याची तुमची प्रत तुमच्याजवळ आहे ना? ती असली म्हणजे कुणी तुम्हाला काढू शकत नाही. कुठाय ती?"

भानुदासनं तिच्याकडे मोठ्या समाधानानं पाहिलं. सबंध महिन्यात पहिल्यांदाच त्याचं काही चुकलं नव्हतं.

"साहेब समोर होते ना," तो म्हणाला. "मीही फाडली."