राणी मंदारवतीची अर्धी सुरावट

एका राज्यात प्रचंडसेन नावाचा राजा होता आणि त्याच्या दरबाराला एक वाईट खोड होती. वाद्य वाजू लागून पळभर होत नाही तोच राजाने "वाहवा!" म्हणायचे, आणि पाठोपाठ साऱ्या दरबाराने. राणी मंदारवती सुंदर वीणा वाजवी, पण बारा वर्षांत तिची एकही सुरावट शेवटाला गेली नव्हती.

धूम्रकेतू नावाचा जादूगार चित्रकार तिचे चित्र काढायला आला. वाहवा ऐकून ऐकून तो इतका वैतागला की त्याने राणीला वीणेसकट चित्रातच उतरवून टाकले. जवळून पाहावे तर नुसते रंगांचे ठिपके. वीस पावलांवरून पाहावे तर खिडकीपाशी वीणा वाजवणारी राणी.

"रंग तीन दिवस ओला राहील," जादूगार म्हणाला. "रोज दुपारी ती वाजवील. एकदा तरी न तोडता ऐका, म्हणजे बाहेर येईल. नाहीतर कायमची वाळेल."

राणीची साळुंकी बोलकी होती. ती म्हणाली, "महाराज, डोंगर उचलायचा नाही, राक्षस मारायचा नाही. फक्त गप्प बसायचे. जमेल?"

"न जमायला काय झाले?" राजा म्हणाला.

पहिल्या दिवशी चार स्वर वाजले आणि राजा ओरडला, "वाहवा!" वीणा थांबली. राणीचे पाय वाळले.

दुसऱ्या दिवशी राजाने तोंडात विड्याचा तोबरा भरला. पण सूर रंगात येताच सवयीने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून बक्षीस म्हणून चित्रावर भिरकावला. वीणा पुन्हा थांबली. राणीचे खांदे वाळले.

"हातसुद्धा बांधायचे, हे मी सांगायला हवे होते काय?" साळुंकी किंचाळली. "धन्य आहे तुमची!"

तिसऱ्या दिवशी तिने दरबाऱ्यांना टोचून टोचून हाकलले. राजा वीस पावलांवर एकटा बसला, हात मांडीखाली दाबून, उपरण्याचे टोक दातांत धरून. सुरावट अर्ध्यावर आली, अर्ध्यापुढे गेली. पुढे ती सुरावट इतकी एकाकी होती की राजाच्या दातांतले उपरणे गळून पडले. तोंड मोकळे होते, तरी वाहवा म्हणायचे त्याला सुचलेच नाही.

शेवटचा स्वर विरला. राणी चित्रातून खाली उतरली.

राजा रडत होता. "पुढे असे काही असते, हे मला ठाऊकच नव्हते."

"बारा वर्षे तेच तर सांगत होते," राणी म्हणाली. "आणि तुम्ही दर वेळी वाहवा म्हणालात."