न कापलेले भात

शिलावतीच्या धृतसेन राजाचे अकरावे वर्ष चालू होते. ऋतू शरद, तिथी आश्विन वद्य पंचमी. त्या जन्मी बोधिसत्त्व आचार्य होते. दोन गावांच्या मधल्या माळावर त्यांची पाठशाळा होती.

वरचे गाव आणि खालचे गाव ओढ्याच्या पाण्यावरून लढत होते. दोन माणसे मेली. मग भात पिकले आणि कापणीला हात कमी पडले. तेव्हा दोन्ही मुखियांनी करार केला. शेवटचे भात कापून होईपर्यंत हत्यार उचलायचे नाही.

पाठशाळेत दोन्ही गावांची मुले समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसत.

"भांडण मिटले का?" आचार्यांनी विचारले.

"नाही आचार्य, थांबले आहे," वरच्या मुखियाचा मुलगा रोहक म्हणाला. "कापणी होऊ दे, मग यांना दाखवतो."

"आधी विळा धरायला शीक," खालच्या मुखियाचा सुदंत म्हणाला. मुले हसली.

"लढायला तुमच्या घरून कोण जाईल?" आचार्यांनी विचारले.

रोहकचा थोरला भाऊ जाणार होता. सुदंतचाही.

"मग हे थांबणे लांबवा," आचार्य म्हणाले. "करार मात्र मोडायचा नाही."

दिवसभर वाद झाला. कोणी म्हणाले, हत्यारे लपवू. आचार्य म्हणाले, ती चोरी. कोणी म्हणाले, विळे बोथट करू. आचार्य म्हणाले, मग खाल काय?

शेवटी सुदंत म्हणाला, "शेवटचे भात कापलेच नाही तर?"

रोहक उठला आणि सुदंतच्या भिंतीला जाऊन बसला.

दोघांनी आपापल्या शेतात बांधालगत भाताचा एकेक झुबका उभा ठेवला. मुखियांना कळले. लढायला जाणारी पोरे त्यांचीही होती. कोणी विळा लावला नाही. पण समोरचा कापतो की काय, हे पाहायला दोघे रोज सकाळी बांधावर येऊ लागले.

"तुमचा वाळला."

"तुमचा कुठे हिरवा आहे?"

रोज भेटल्यावर बोलणे आलेच. पौषात पाण्याच्या पाळ्या ठरल्या. तीन दिवस वर, तीन दिवस खाली.

माघात शिक्षण संपले. दोघांनी गुरुदक्षिणा विचारली.

"ते झुबके कापून आणा," आचार्य म्हणाले.

आता करार संपणार होता. दोन्ही गावे बांधावर जमली. रोहकने खालचा झुबका कापला, सुदंतने वरचा. कोणी हत्यार आणले नव्हते.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तो आचार्य मीच. रोहक आणि सुदंत म्हणजे आज सकाळी आसनाच्या जागेवरून भांडलेले हे दोन भिक्षू. पाहा, आता शेजारीच बसले आहेत. त्या जन्मी मी क्षांती, म्हणजे सहनशीलता, पाळली आणि शिकवली."

त्या जन्मी, कापणीनंतर, झुबके आचार्यांपुढे ठेवले गेले. दाणे पाखरांनी केव्हाच खाल्ले होते, हाती नुसता पेंढा आला. आचार्यांनी तो घेतला. दक्षिणा फिटली.