पिंजऱ्यातला बांगडा

मांजरं माणसांशी बोलायची तेव्हाची गोष्ट. बंदरावरच्या मासळीबाजारात मांजरं फार झाली, म्हणून गावाने कायदा केला: मांजराला हाकलायचं नाही, मारायचं नाही. पिंजऱ्यात मासा ठेवून पकडायचं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, खुणेसाठी कानाचं टोक कापायचं आणि होतं तिथेच आणून सोडायचं.

पहिली जाऊन आली ती पिंगी. तिचा कान बघून शेरू बोका हसला. "अगं, उंदराने कुरतडला की काय?"

पुढच्या आठवड्यात पिंजरा पुन्हा आला. सगळी मांजरं छपरावर पळाली. पिंगी मात्र आतल्या बांगड्याकडे गेली आणि दार खाडकन पडलं.

"संपली बिचारी," शेरू म्हणाला.

पिंजरेवाल्या हरबाकाकांनी तिचा कान बघितला. "तुझं झालंय की गं बाई. जा," म्हणत त्यांनी दार उघडलं. पिंगी बांगडा घेऊनच बाहेर आली. काकांनी नवा बांगडा ठेवला, तशी ती पुन्हा आत शिरली.

तिसऱ्या बांगड्याला मात्र शेरूला राहवेना. "कानाचं नंतर बघू," म्हणत तो खाली उतरला आणि पिंगीच्या आधी पिंजऱ्यात घुसला.

काही दिवसांनी हरबाकाकांनी त्याला बाजारात परत आणलं आणि दार उघडलं. शेरू जागचा हललाच नाही. कापलेला कान त्यांच्याकडे वळवून तो म्हणाला, "काका, आधी बांगडा."