थोरला मेंढा राखणारी लगमाक्का

लगमाक्काचं कुणीही खरं मानलं नाही. मेंढरं डोळ्यांदेखत खुजी होत होती, का होतात ते ती घसा फोडून सांगत होती, आणि गाव तिलाच चेटकीण म्हणत होतं.

माळावर बाभूळ रुजायच्या आधीची ही गोष्ट. गाव सगळं मेंढपाळांचं. दर जत्रेला प्रत्येक घरानं आपल्या कळपातला सगळ्यांत थोर मेंढा म्हसोबाला द्यायचा, असा नेम. मेंढा निवडायचा मान सतबा कारभाऱ्याचा. तो पाठीला काठी लावून बघायचा आणि उंच तेवढा बाजूला काढायचा. देवाला हलकं कसं द्यायचं?

सतबा तरणा होता तेव्हा मेंढा त्याच्या कमरेला लागायचा. मिशा पिकल्या तेव्हा गुडघ्याला. पुढं तर मेंढरं मांजराएवढी झाली, असं म्हणतात. कोल्हा एका तोंडात दोन धरून न्यायचा. घोंगड्याला लोकर पुरेना, थंडीनं लेकरं काकडू लागली.

लगमाक्का विधवा बाई. भर चावडीवर बोलली, "कारभारी, थोराड बाप तुम्ही कापता. मग मेंढीला भेटणार कोण? खुजाच. त्याची कोकरं त्याच्यावरच जाणार."

"देवाला शिकवतीस व्हय गं?"

"देवाला कशाला? तुम्हाला शिकवतीय."

झालं. सतबा म्हणाला, हिच्याच नजरेनं कळप आटला. बायकांनी तिचं पाणी तोडलं. त्याच बायकांच्या लेकरांसाठी ती भांडत होती, हे लक्षात ठेवा. तिला ओढ्यापलीकडं हाकललं, सोबत तिच्या वाटणीची चार मरतुकडी मेंढरं.

तिथं तिनं उलटं केलं. खुजा नर विकायचा, थोरला राखायचा. त्याच्या कोकरांतला पुन्हा थोरलाच राखायचा. जादू नाही, मंत्र नाही. कितीक उन्हाळे गेले. शेवटी तिचा मेंढा असा झाला की त्याच्या शिंगात घार घरटं करायची, असं म्हणतात.

एका जत्रेला ती त्याला घेऊन गावात आली. लोकांना आधी रेडाच वाटला. थकलेला सतबा काठी टेकत उठला आणि काय म्हणावं? "थोर आहे. देवाला हाच."

सुरी बाहेर निघाली. लगमाक्का मेंढ्याच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. "आधी माझी मान. हा तुमच्याच कळपातला हाय रं. गवत तेच, पाणी तेच, देवबी तोच. मी थोरला राखला, तुम्ही कापला. फरक एवढाच."

सतबानं मेंढ्यावर काठी उगारली, तसा मेंढा उसळला. त्यानं बळीच्या दगडाला अशी टक्कर दिली की दगड दुभंगला. तेव्हापासून त्या दगडावर सुरी टेकली नाही. तिच्या मेंढ्याची कोकरं घरोघर गेली, आणि लेकरांच्या अंगावर पुन्हा जाड घोंगडं आलं.

आता ऐका. मागं एका शहाण्यानं शाळेत येऊन सांगितलं, प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बदलतात हा धडा गाळा, ते परक्यांचं खूळ आहे. परक्यांचं? आम्ही बाया कमरेला पदर खोचून शाळेत गेलो. म्हटलं, इथं माणसानं निवडलं तर हे झालं. रानात लांडगा निवडतो, दुष्काळ निवडतो, आणि त्यांना लाखो वर्षं मोकळी आहेत. तिथं काय काय झालं असेल, ते आमच्या पोरांना कळू द्या. धडा गाळायचा नाही.

म्हणून दर जत्रेला तो धडा त्या दुभंगलेल्या दगडापाशी होतो. शाळेतल्या बाई शिकवतात, पोरं मेंढ्याची उंची मापतात. मग लगमाक्काच्या नावानं थोरला मेंढा भंडारा लावून कळपात सोडतात. सोडण्याआधी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "मेंढरं कुणी खुजी केली?"

एके काळी याच सवालाला सगळं गाव लगमाक्काचं नाव घ्यायचं. आता पोरंथोरं एका आवाजात सांगतात:

सतबा कारभारी.