कलशाची बोळवण

एका राज्यात एक नदी होती आणि नदीच्या दोन तीरांवर दोन नगरं होती. उत्तर तीरावर हेमपूर, दक्षिण तीरावर मोतीपूर. हेमपूरचा राजा मणिधर, मोतीपूरची राणी हंसगौरी. दोघं सख्खी भावंडं. राणी थोरली, राजा धाकटा. बापानं जाताना एकेक नगर दोघांच्या ओंजळीत घातलं आणि सांगितलं, "भांडू नका." दोघं भांडली नाहीत. नुसती एकमेकांकडे बघून बांधत राहिली.

हेमपुरात केशरआळी होती. नगरातली मोठी माणसं तिथे राहायची. घरांवर सोन्याची कौलं, चौकात अत्तराची कारंजी, आणि पायऱ्या अशा गुणाच्या, की म्हातारं माणूस आलं तर आपण होऊन खाली वाकायच्या. दारोदार पोपट. पाहुणा उंबऱ्याशी आला की पोपट त्याच्या सात पिढ्यांची नावं घ्यायचा. मोतीपुरात चंदनपेठ होती. तिथली घरं चंदनाची, आणि सूर्यफुलासारखी उन्हाबरोबर वळणारी. अंगणाअंगणात दिव्यांचं झाड. त्याला दिवसभर कळ्या धरायच्या आणि तिन्हीसांजेला त्या एकेक करून उजळायच्या. रस्त्यावर धूळ पडली तर रस्ताच ती गिळून टाकायचा.

नदीच्या मधल्या बेटावर दोन्हीकडच्या बायका धुणं घेऊन यायच्या. तिथे रोजची जुंपायची.

"काय गं, संध्याकाळी तुमच्या नवऱ्यांना घराचं दार सापडतं का?"

"सापडतं हो! तुमच्याकडे मात्र सासूच्या आधी पोपट बोलतो म्हणे!"

दर बारा वर्षांनी महाक्रीडा भरायची, एकदा या तीरावर, एकदा त्या. कुस्त्या व्हायच्या, मल्लखांब व्हायचा, होड्यांच्या शर्यती व्हायच्या, आणि शेवटी शंभर फेऱ्यांची धाव. एका ऋषीनं दिलेला सोन्याचा कलश होता. ज्याच्याकडे कलश, त्याच्याकडे खेळ. उत्सव पार पडला की यजमानानं कलश पलीकडे धाडायचा, अशी रीत.

पाळी हेमपूरची आली. मणिधरानं असं मैदान बांधलं की त्याच्या एका टोकाला ऊन असलं तर दुसऱ्या टोकाला पाऊस पडायचा. लाख माणूस बसे आणि प्रत्येकाला वाटे, आपण अगदी पुढे बसलो आहोत. देशोदेशीचे पाहुणे केशरआळीत उतरले. दहा दिवस डोळ्यांचं पारणं फिटलं.

अकराव्या दिवशी धाव होती. कोष्टीवाड्यातला केरोबा विणकर सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची फेरी चालली होती. राजाची नजर कलशावर गेली. उद्या हा पलीकडे जाणार, हे मनात आलं आणि त्याचा जीव कासावीस झाला. शेजारी मांत्रिक कपालदत्त बसला होता.

"मांत्रिका, हा उत्सव संपू नये."

"महाराज, न संपणारं काही मागू नये."

"मागितलं."

कपालदत्त उठला. शेवटाला ताणलेल्या दोरीला त्यानं तीन पिळांची गाठ मारली आणि तो स्वतः तिथेच दगडाचा खांब झाला. उत्सव सोडून जाणं आता त्यालाही नव्हतं.

केरोबाला दोरी हातभर उरली, आणि एक फेरी वाढली. ती धावून आला, दोरी हातभर उरली, आणखी एक वाढली. बाकीचे धावणारे दमून बाजूला बसले. केरोबाचे पाय मात्र थांबेनात. पाहुणे घरी जायला वेशीपर्यंत जात, वेस ओलांडत, आणि बघतात तर पुन्हा केशरआळीत पानावर बसलेले. "अजून एक पोळी घ्या," यजमान म्हणत. म्हणता म्हणता यजमानांचे हात गळून गेले. अशी बारा वर्षं व्हायला आली.

केरोबाची बायको अंबुजा. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा हे झालं. ती रोज पहाटे महादेवापुढे निरांजन लावायची, दहीभात कालवायची आणि मैदानात जाऊन नवऱ्याबरोबर अर्धी फेरी धावायची. धावता धावता घास भरवायची.

"अहो, हळू. ठसका लागेल."

"आज मीठ कमी पडलंय."

"धावताना चाखून बघता येत नाही हो मला."

त्याची दाढी कमरेपर्यंत आली होती आणि वाऱ्यावर मागे उडायची. तो एकदा म्हणाला, "अंबुजा, दोरी दिसते गं. रोज दिसते." तिनं पुढचा घास त्याच्या तोंडात घातला. घरी येऊन देवाला म्हणाली, "तुला सगळं दिसतं. यांना दोरी दिसते. मला वाट दिसत नाही, तेवढी दाखव."

चैत्रातल्या एका सोमवारी ती मैदानात आली, तर खांबावर भारद्वाज बसलेला. डोळे लाल, पंख तांबूस. तिनं हात जोडले. भारद्वाज बोलला:

"अंबुजा, गाठीला तीन पीळ आहेत. चंदनपेठेतलं माणूस हेमपूरचं मनापासून कौतुक करील, तेव्हा पहिला सुटेल. केशरआळीतलं माणूस मोतीपूरचं करील, तेव्हा दुसरा. मागून घेतलेलं कौतुक चालायचं नाही."

"आणि तिसरा?"

"राजा कलशाची बोळवण करील तेव्हा."

"नाहीच झालं तर?"

"अक्षय्य तृतीयेला बारा वर्षं भरतात. त्या दिवशी सूर्य मावळला की तुझा नवराही खांब होईल."

एवढं बोलून पाखरू उडालं. अंबुजानं पदर खोचला आणि होडीत बसली; वेस अडवायची ती पाहुण्यांनाच.

मोतीपुरात चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालली होती. सवाष्णीला कुठलंही दार उघडं. अंबुजा चंदनपेठेत घरोघरी गेली, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायली, आणि हेमपूरची निंदा ऐकली. सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी ती नगरशेठाच्या घरी पोचली. शेठाणी रत्नमालाबाई झोपाळ्यावरच्या गौरीपुढे आरास मांडत होत्या.

"हेमपूरची ना गं तू? मग बोल, कुणाची पेठ देखणी?"

बायका हसल्या. अंबुजा अंगणातल्या झाडाकडे बघत होती. कळी उजळायची वेळ झाली होती. आधी देठाशी पिवळा ठिपका आला, मग पाकळीपाकळीतून उजेड झिरपत वर चढला. ती भान हरपून बघत राहिली. "बाई," ती म्हणाली, "देवाला हाक मारावीशी वाटतेय. म्हणावं, ये, हे बघून जा."

कुणीच हसलं नाही. रत्नमालाबाई कुंकू लावायला तिच्यापाशी आल्या आणि खाली बघत हळूच म्हणाल्या, "सकाळी उत्तरेचा वारा सुटला ना, की तुमच्या कारंज्यांचा वास येतो. घर वळायला लागतं उन्हाकडे. मी खांबाला मिठी मारून धरून ठेवते त्याला. म्हणते, थांब रे जरा, एवढा वास घेऊ दे. असं सुख आमच्याकडे नाही हो."

अंबुजा परतली तेव्हा गाठीचा एक पीळ सुटून लोंबत होता.

मग ती केशरआळीत फिरली. तिथे सगळे वाढून वाढून थकलेले, पण तोरा तसाच. दिवाण रंगोपंतांच्या दारी पोपटानं सुरुवात केली, "कोष्टीवाड्यातली अंबुजा, सासरा धोंडोबा, आजेसासरा..."

"राहू दे रे राजा, मला घाई आहे."

रंगोपंत बाहेर आले. "कुठून आलीस एवढी दमून?"

"मोतीपुराहून, पंत."

"तिथे काय आहे बघण्यासारखं?"

"खोटं!" पोपट म्हणाला. "रोज तिन्हीसांजेला गच्चीवर कोण जातं?"

"गप्प बस, मेल्या."

"डोळे कोण पुसतं?"

पंतांचे कान लाल झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकलेल्या पायरीवर बसले, आणि बोलू लागले. "बाई, पलीकडची झाडं उजळतात ना, ती पाण्यातही उजळतात. माझ्या कौलांवर मणभर सोनं आहे, पण नदीनं त्यांना कधी जवळ घेतलं नाही. त्यांना देवानं ते रूप दोनदा दिलं. आणि मी बघायचं कुणाला चोरून? माझ्याच पोपटाला!"

दुसरा पीळ सुटला. पण तोवर अक्षय्य तृतीया उजाडली होती.

अंबुजा राजाच्या मंडपात गेली. मणिधर कलशाशेजारी बसला होता. केस पांढरे झाले होते.

"महाराज, माझ्या नवऱ्याला थांबवा. आज सूर्य मावळला की ते दगड होतील."

राजा म्हणाला, "मला काय हौस आहे? सहा वर्षांपूर्वीच कलश धाडायला निघालो. माणसं लावली, हत्ती लावले. तसूभर हलला नाही."

"धाडताना काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? घेऊन जा म्हणालो."

"ओटी भरलीत?"

राजानं कलशाकडे वळून पाहिलं. "कलशाची?"

"अहो महाराज, इतकी वर्षं घरात राहिली ती लेकच की. रिकाम्या ओटीनं, हत्तीला बांधून लेक कुणी सासरी धाडतं का? ती कशी हलेल?"

राजाचा आवाज उतरला. "खरं सांगू? मला भीती वाटते. ताईचा उत्सव माझ्यापेक्षा सरस झाला तर? माझं मैदान, माझी केशरआळी, कोण नाव घेईल मग?"

अंबुजा जमिनीवर बसली. राजापुढे बसू नये हे ती विसरली. "महाराज, माझ्या आईनं माझी ओटी भरली तेव्हा ती रडत होती. पण तोंडानं म्हणत होती, तिकडचं घर इथल्याहून भरलेलं निघो. सगळ्या आया हेच म्हणतात. जवळचं द्यायचं, आणि तिकडे त्याहून जास्त असो म्हणायचं. त्याला बोळवण म्हणतात."

राजानं कलशावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला येत नाही. शिकव."

तिनं शिकवलं. राजानं आपल्या हातानं तांदूळ घातले, हळकुंड घातलं, सुपारी, खण, नारळ ठेवला. चार दाणे बाहेर सांडले. मग त्यानं कलशाखाली हात घातले, आणि जो हत्तींना हलला नव्हता, तो तान्ह्या पोरासारखा त्याच्या कडेवर आला.

राजा अनवाणी निघाला. केशरआळीतल्या पायऱ्या त्याच्यापुढे वाकल्या, पोपट मुके झाले, आणि पाहुणे पानांवरून उठून त्याच्यामागे वेशीपर्यंत गेले.

अंबुजा नदीकडे गेली नाही. ती मैदानात धावली, नवऱ्यापाशी. ऊन कलतं झालं होतं. केरोबाचे घोटे राखाडी पडत चालले होते, पाऊल टेकलं की दगडासारखं वाजत होतं.

"अंबुजा, पाय जड झालेत गं."

"थोडंच राहिलंय हो. मी आहे ना बरोबर."

ती पूर्ण फेरी धावली, मग दुसरी धावली. मागे वळून सूर्याकडे बघितलं नाही.

तिकडे होडी दक्षिण तीराला लागली. घाटावर हंसगौरी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मण्या, बारा वर्षं लावलीस रे."

मणिधरानं कलश तिच्या हातांत दिला. तो म्हणाला, "ताई, तुझा उत्सव माझ्याहून सरस होवो."

हे शब्द घाटावरच्यांनी ऐकले, नावाड्यांना सांगितले. नावाड्यांनी बेटावरच्या बायकांना, बायकांनी अलीकडच्या तीराला. केशरआळीतल्या पोपटांनी ते उचलले आणि ते दारोदार, तोंडोतोंडी, लाख माणसांच्या मैदानात येऊन पोचले: ताई, तुझा उत्सव माझ्याहून सरस होवो.

तिसरा पीळ सुटला.

दोरी हातभर उरली, वीतभर उरली, आणि केरोबाच्या छातीला लागली.

खांबाचा पुन्हा मांत्रिक झाला, आणि बारा वर्षांची धूळ नाकात गेल्यामुळे त्याला सात शिंका आल्या. वेशीवर पाहुण्यांनी भीत भीत पाऊल टाकलं आणि पलीकडची माती पायाला लागताच ते मोठ्यानं रडले. केरोबा मात्र दोरी अंगावर घेऊन तसाच पाय आपटत राहिला.

"अहो, थांबा की आता."

"थांबायचं कसं असतं गं?"

अंबुजानं त्याला खाली बसवलं, त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि दोन्ही हातांनी धरून ठेवले. आधी ते झटके देत होते, मग थरथरत होते.  हळूहळू पायांचं राखाडीपण उतरलं, कातडीला रंग आला, आणि ते तिच्या मांडीवर शांत झाले.

पुढच्या चैत्रात मोतीपुरात महाक्रीडा भरली. ती हेमपूरहून सरस झाली, आणि हे सगळ्यांच्या आधी मणिधरानंच बोलून दाखवलं.

केरोबाला जशी दोरी लागली, तशी ती धावणाऱ्या सगळ्यांना लागो. ज्याच्या घरी कुणी धावणाऱ्याची वाट बघत असेल, त्याच्या घरी तो येवो, बसो, दमानं जेवो. सांगणारीनं सांगितलं, ऐकणारीनं ऐकलं, दोघींचं घर भरलेलं राहो.